होडीच्या काठावरची खाच

मला होडी कापायला बोलावलं होतं. दुरुस्त करायला नाही, कापायला. आणि मी गेलो होतो, करवतीला धार लावून गेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं सोयीचं तेवढं लिहिलं.

बेंगळूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या मारतहळ्ळीच्या बाई म्हणाल्या, "काका, तुमची वूडवर्किंगची जर्नी लिहा ना, खूप इन्स्पायरिंग होईल." बाई पुण्याहून आलेल्या, मनानं चांगल्या आहेत. पण जर्नी कसली? बेचाळीस वर्षं जयनगरच्या एकाच गल्लीत एकाच बाकासमोर उभा आहे. गुडघे गेले, प्रवास काही झाला नाही. तेव्हा जर्नी मिळणार नाही. एका डब्याची आणि एका होडीची हकीगत आहे, ती छापा.

आम्ही इथले जुने. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि भांडताना दोन्ही. गल्ली मला वामनअण्णा म्हणते. लाकूडकाम माझं, पॉलिश बायकोचं. शकुंतला मला "मदत करते" असं चुकूनही म्हणू नका, एकदा एका गिऱ्हाईकानं म्हटलं तर तिनं त्याचं टीपॉय अर्धवट सोडून दिलं होतं. लाखेच्या पॉलिशला तिच्यासारखा हात अख्ख्या जयनगरात दुसरा नाही. हे मी तिच्यासमोर म्हणत नाही, इथं लिहितो.

प्लायवूड आलं, मग तयार कपाटं आली, मग फोनवर बोट दाबलं की दारात पलंग यायला लागला. सगळ्यांनी सल्ला दिला की बंद करा आता. भाऊ म्हणाला, शेजारी म्हणाला, बँकेतला शिपाईसुद्धा म्हणाला. मी म्हटलं, बघू. आणि तेव्हाच पहिल्यांदा सिगारचा डबा करायचं काम आलं.

घेऊन आल्या पद्माक्का. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, तेव्हा वय सत्तरच्या आसपास, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. ऑटोतून उतरल्या आणि कानडीत म्हणाल्या, "अण्णा, मला सिगार ठेवायला डबा हवाय." मला वाटलं, मुलासाठी असेल, नाहीतर जावयासाठी. विचारलं, "कोण ओढतं अक्का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं सगळं गिळलं. "मी ओढते. रविवारी एक. तुमची काही हरकत?" माझी कसली हरकत! मी तंबाखूला आयुष्यात हात लावलेला नाही, पण डबा माझा, फुप्फुस ज्याचं त्याचं.

या डब्याला ह्युमिडॉर म्हणतात. काम काय त्याचं? सिगार म्हणजे गुंडाळलेली पानंच शेवटी. फार कोरडी पडली की तडकतात, फार ओली झाली की बुरशी धरतात. बेंगळूरची हवा पावसात ठीक, पण फेब्रुवारी-मार्चात ओठ फुटतात तिथं पानाचं काय? म्हणून असा डबा हवा की ज्याच्या आतली हवा बारा महिने सारखी दमट राहील. बाहेरून सागवान, आतून तुणीच्या लाकडाचं अस्तर. तूण मऊ, सुवासिक, कीड दूर ठेवते, आणि मुख्य म्हणजे पाणी पिऊन धरून ठेवते आणि लागेल तसं सोडते. झाकण असं बसायला हवं की हातातून सोडलं तर आपटायचं नाही, आतली हवा त्याला अडवेल आणि ते फुस्स करून सावकाश खाली येईल. आणि डबा झाला की लगेच सिगार ठेवायच्या नाहीत. आत पाण्याची वाटी ठेवून पंधरा दिवस तुणीला पोटभर पाणी पाजायचं. तहानलेला डबा सिगारीतलंच पाणी शोषून घेतो.

हे सगळं आता सांगतोय. पहिल्या डब्याच्या वेळी मला यातलं अर्धंही कळत नव्हतं. आमची सुतारांची खोड अशी की लाकूड उघडं ठेवलं तर लाज वाटते, आतून-बाहेरून चकाचक हवं. शकुंतलेनं आतल्या तुणीलाही सात हात पॉलिश मारलं. आरसा! आम्ही दोघं दोन दिवस त्या डब्याकडे बघत बसलो होतो. महिन्याभरानं पद्माक्का डबा घेऊन परत आल्या, बाकावर ठेवला आणि म्हणाल्या, "अण्णा, माझ्या सिगारीला तुमच्या कपाटाचा वास येतो." मग झाकण उघडून आतल्या बाजूला नख घासलं. "याचं तोंड बंद केलंत तुम्ही. लाकडाला स्वल्प श्वास घेऊ द्या." माझं तोंड एवढंसं झालं. सगळं अस्तर उपटून नवं घातलं, कोरं. तेव्हापासून सर्जापूर रोडच्या हौशी पोरांना असे पुष्कळ डबे करून दिले. पण पहिला धडा पद्माक्कांचा.

आता होडी.

ओंकार म्हणून एक इंटिरियरवाला आहे, नागपूरचा, सर्जापूर रोडला ऑफिस. हसतमुख, बोलायला गोड. मागच्या डिसेंबरात आला. "काका, एक क्रेझी प्रोजेक्ट आहे. नवीन पब होतोय. आपण एक विंटेज वुडन बोट मिडलमधून कट करायची, आणि हाफ बोटचा बार काउंटर! ओनरचं ओके आहे, पबचं ओके आहे. फक्त कट क्लीन पाहिजे, म्हणून तुमच्याकडे आलो." साफ काप म्हटल्यावर मी फुगलो. मोठेपणा कुणाला आवडत नाही? मी होडी आयुष्यात जवळून बघितली नव्हती. हो म्हटलं.

जयनगरातच एका जुन्या घराच्या मागे पत्र्याची शेड होती. ओंकारनं कुलूप काढलं, ताडपत्री ओढली, आणि मी शपथेवर सांगतो, करवत खाली ठेवली. वीस फुटी मोटरबोट. अंग सागवानाचं, वरचा भाग महॉगनीचा, फळीला फळी कडेशी कड लावून जोडलेली, एकही फळी सरळ नाही, प्रत्येक वळवलेली. आत हातभर अंतरावर बरगड्या. केरळच्या सुतारांनी बांधली होती म्हणे, हातानं. धूळ बोटभर, फळ्या वाळून मधल्या फटीतून उजेड दिसत होता, पण काम! मी ओंकारला म्हटलं, "अरे, ही कापायची?" तो म्हणाला, "काका, पंधरा वर्षं अशीच पडलीय. डेड आहे." मी मानलं. शरम वाटते लिहायला, पण मानलं. कापायची रेघ उमटवायला गेरूची दोरी मारली, काठावर करवत लावली आणि चार ओढींत दोन बोटं खोल गेलो.

मागून आवाज आला, "नीवा, अण्णा?" तुम्ही, अण्णा?

पद्माक्का! हातात प्रवासाची पिशवी. त्या माझ्याकडे यायच्या, मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. चार दिवस बहिणीकडे म्हैसूरला गेल्या होत्या, एक दिवस आधी परतल्या. मुलानं परस्पर सौदा केलेला. त्या ओरडल्या नाहीत. कापलेल्या जागी बोट ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, धरणीमाय पोटात घेईल तर बरं.

मुलगा किरण, वरच्या मजल्यावर राहतो, तो धावत खाली आला. तो काही राक्षस नाही. "अम्मा, बाबा गेल्यापासून ही सडतेय. तू चौऱ्याहत्तरची. काय करणार आहेस होडीचं?"

"चालवणार आहे," पद्माक्का म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी सव्वीस वर्षं ही होडी चालवली. मी मागे बसून त्यांचे जेवणाचे डबे सांभाळले. एकदा म्हटलं, द्या ना चाक, तर हसले. म्हणाले, तुला जमायचं नाही. मला एकदा तरी हिचं चाक हातात धरायचंय. त्यानंतर काय कापायचं ते कापा."

आणि मी, ज्यानं होडीतलं ओ की ठो कळत नसताना तिच्या काठाला करवत लावली होती, तो मी बोलून गेलो, "अक्का, मी तरंगवतो हिला."

ओंकार म्हणाला, "काका, प्लीज." किरण हसला. पण आई गप्प बसेना तेव्हा त्यानं अट घातली. पबचं काम मार्चच्या शेवटी सुरू होणार, तोवर वेळ. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी होडी पाण्यात सोडायची. रविवारी दुपारपर्यंत स्वतःच्या अंगावर तरंगत राहिली, तर आईची. नाही राहिली, तर सोमवारी कापायची. "आणि कापणार तुम्हीच, अंकल," तो मला म्हणाला. मी म्हटलं, सरी, ठीक आहे.

घरी आल्यावर शकुंतलेनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला पोहता येतं का?" येत नाही.

झाले कामाला सुरू. इंजिन काढून मेकॅनिककडे दिलं. आम्ही दोघं रोज शेडमध्ये. जुनं वॉर्निश खरवडलं, कुजलेल्या तीन फळ्या बदलल्या, नवं सागवान वाफेवर वळवताना दोनदा मोडलं, तिसऱ्यांदा बसलं. आणि मग माझ्यातला कपाटवाला जागा झाला. फळ्यांमधल्या सगळ्या फटी मी एपॉक्सीनं भरल्या. दोन डब्यांतलं मिसळून करतात ते, वाळल्यावर दगड. घासून असं गुळगुळीत केलं की नख अडकेना. मी शकुंतलेला म्हटलं, "बघ, एक थेंब येणार नाही." टँकरवाल्याला बोलावून होडीत वीतभर पाणी भरलं. एक थेंब बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी अख्ख्या गल्लीला सांगून आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो आणि शेडमधून आवाज आला, ताडकन. थोड्या वेळानं आणखी एक. दोन बरगड्या मोडल्या होत्या. नुसत्या तडकल्या नव्हत्या, मधून मोडल्या होत्या.

फळ्या पंधरा वर्षांच्या वाळलेल्या. पाणी मिळालं तशा फुगल्या. फुगायला फट हवी, फटीत मी दगड भरून ठेवलेला. मग जोर गेला कुठं? बरगड्यांवर. मी ओल्या शेडमध्ये बसून राहिलो. तीन आठवडे उरले होते.

शकुंतला माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "अक्कांच्या डब्याला पंधरा दिवस पाणी पाजता. सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत सुटता, लाकडाला प्यायला द्या, जागा द्या. आणि इथं काय झालं होतं?" मी म्हटलं, "तू का नाही बोललीस?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत का?"

पद्माक्कांना जाऊन सांगितलं. वाटेत दहा सबबी जुळवल्या होत्या, दारात गेल्यावर एकही आठवली नाही. "अक्का, चूक झाली. पहिल्या डब्याचीच चूक. पुन्हा तोंड बंद केलं." त्या म्हणाल्या, "तीच चूक दोनदा करणाऱ्या पोरांना मी नापास करायचे, अण्णा." मी मान खाली घातली. "पण स्वतः येऊन सांगणाऱ्यांना पुन्हा बसू द्यायचे. बसा. कॉफी घ्या आणि कामाला लागा."

कारवारकडे शकुंतलेच्या माहेरच्या ओळखीचा एक म्हातारा आहे, त्यानं जन्मभर मासेमारीच्या होड्या बांधल्या. त्याला फोन लावला. मी सांगत होतो आणि तो हसत होता. हसू संपल्यावर म्हणाला, "अरे बाबा, होडी म्हणजे कपाट नव्हे. फटीत कापसाची दोरी ठोक, वर लांबीची मऊ पुट्टी भर, आणि सोड पाण्यात. गळू दे. बुडायला आली तरी हात लावू नको. आपली आपण मिटते ती." मी विचारलं, "किती गळेल?" तो म्हणाला, "तुझी छाती धडधडेल इतकी."

अठरा दिवस आम्ही ते एपॉक्सी छिन्नीनं कोरून काढलं. जे भरायला चार दिवस लागले होते ते काढायला अठरा. मनगटं सुजली. दोन बरगड्यांना जोडीला नव्या बरगड्या दिल्या. फटीत कापूस ठोकला, जाणूनबुजून सैल. बाहेरून बघितलं तर काम कच्चं दिसत होतं, आणि तसं दिसू देणं मला सगळ्यात जड गेलं.

मार्चचा शेवटचा शुक्रवार. कावेरीच्या धरणामागच्या पाण्याला लागून पद्माक्कांच्या एका मैत्रिणीचं नारळाचं शेत आहे, तिथं होडी नेली. कमरेएवढ्या पाण्यात सोडली, दोन बाजूंनी दोर बांधले. एका क्षणात पन्नास ठिकाणांहून पाणी आत आलं. कारंजी! किरण म्हणाला, "अंकल, ही तर चाळणी आहे." मी म्हटलं, "पिऊ दे तिला." छाती खरंच धडधडत होती.

शनिवारी सकाळी पाणी आतल्या बाकांपर्यंत चढलेलं, काठ पाण्याबाहेर जेमतेम वीतभर. ओंकार ट्रक घेऊन आदल्या दिवशीच येऊन बसला होता. "काका, मी तुमचा रिस्पेक्ट करतो, पण ही सिंक होतेय. बुडली तर काउंटरलाही वाया जाईल." किरणला ते पटलं. त्यानं ट्रकवाल्याला हाक मारली, चला, ओढून काढू.

तेव्हा मी काय केलं ते अजून मला खरं वाटत नाही. धोतराचा काचा मारला, पाण्यात उतरलो आणि होडीत चढून बसलो. पाणी छातीपर्यंत. पोहता येत नाही, हे लक्षात असू द्या. म्हटलं, "रविवार दुपार ठरलीय. आज शनिवार आहे. बोललात ते बोललात. आता ओढायची तर माझ्यासकट ओढा, आणि कापायची तर आधी मला कापा!" शकुंतला काठावरून ओरडली, "अहो, सर्दी होईल!" पद्माक्का नारळाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या किरणला फक्त म्हणाल्या, "शब्द दिलायस."

किरण माझ्याकडे बघत उभा राहिला. मग बूट काढले, पँट दुमडली, आणि पाण्यात आला. मला वाटलं, मला उचलून बाहेर फेकतो. त्यानं स्टीलची बादली उचलली आणि पाणी उपसायला लागला. "बाहेर या अंकल," तो म्हणाला. "तुमचं वजन कमी झालं तर तिला बरं." उतरलो. दिवसभर तो आणि ओंकार आळीपाळीनं उपसत होते. हो, ओंकारसुद्धा. नागपूरचा पोरगा, कुरकुर करत होता, पण बादली सोडली नाही. जेवढं काढत तेवढंच पुन्हा येत होतं. दुपारनंतर मात्र येणारं जरा कमी होतंय असं वाटायला लागलं. मी कुणाला बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून.

रविवारी सकाळी उजाडताच मी पाण्याशी गेलो. किरण आधीच तिथं होता, उकिडवा, होडीत वाकून बघत. तळाशी चार बोटं पाणी. त्यानं बादलीनं ते काढलं, मग फडक्यानं तळ पुसला. आम्ही दोघं तळाकडे बघत बसलो. अर्धा तास. एक तास. फडकं पुन्हा फिरवलं, कोरडं आलं. मी फळीवरून हात फिरवला. जिथं उजेड दिसत होता तिथं आता नखही शिरत नव्हतं, आणि हे मी केलेलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

दुपार झाली, ती तरंगत होती. ओंकार ट्रकमधून उतरून आला. "काका, आता माझ्या काउंटरचं काय?" मी म्हटलं, "प्लायचा कर. होडीचा आकार दे, तपकिरी रंग मार. दोन ग्लास झाल्यावर तुझ्या गिऱ्हाइकाला काय फरक कळणार आहे?" तो हसला, आणि त्यानं तसाच केला. चांगला झालाय म्हणतात. मी बघायला जाणार नाही.

इंजिन बसवून, परवानगी काढून, शकुंतलेचा वॉर्निशचा शेवटचा हात होईपर्यंत मे उजाडला. एक काम उरलं होतं, माझी ती काठावरची चीर, दोन बोटं खोल. तुकडा बसवून बुजवायला मी सागवानाची ढलपी घेऊन गेलो. पद्माक्कांनी हात आडवा केला. "बेडा." नको. मी म्हटलं, "अक्का, रोज दिसेल. मलाही दिसेल." त्या म्हणाल्या, "दिसू दे. बुजवू नका, स्वल्प रुंद करा. गोल." कशाला ते सांगितलं नाही. मी गोल पटाशी घेतली आणि अंगठ्याएवढी गोल खाच केली, कडा घासून मऊ केल्या. आत पॉलिश लावलं नाही, एवढं शिकलोय.

त्या दिवशी किरणनं आईला लाइफ जॅकेट घालायला लावलं, त्यावरून दहा मिनिटं भांडण झालं, किरण जिंकला. मग तो मागे जाऊन बसला, जिथं त्या सव्वीस वर्षं बसत होत्या. सिगारीचा डबाही त्याच्याच मांडीवर. पद्माक्का चाकाशी. इंजिन खोकलं आणि सुरू झालं. शकुंतलेनं माझा दंड घट्ट धरला होता. होडी आधी वाकडी गेली, मग जास्तच वाकडी गेली, किरण ओरडला, "अम्मा, लेफ्ट!" आणि त्यांचा आवाज पाण्यावरून आम्हाला स्पष्ट ऐकू आला, "गप्प बस, मी चालवतेय!"

मोठं वळण घेऊन त्या आमच्या समोरून गेल्या तेव्हा मी बघितलं. दोन्ही हात चाकावर होते. पेटवलेली सिगार मी कापलेल्या त्या खाचेत ठेवलेली होती, आणि ती तिथं अगदी बरोबर बसली होती.